आपला सांगाडा : एका रेल्वेवाल्याच्या नजरेतून

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावर डॉक्टर, प्राध्यापक, वकील अशी विद्वान मंडळी बोलतात. मी डिप्लोमावाला माणूस. रेल्वेत रूळ आणि पूल सांभाळणे हे माझे काम. त्यामुळे यंदा मी हाडांवर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरातूनच पहिला प्रश्न आला, "अहो, तुमचा आणि हाडांचा संबंध काय?" संबंध आहे, आणि तो जरा दुखरा आहे. तो शेवटी सांगतो. शास्त्राच्या बाबतीत चूक नको म्हणून आपल्या मंडळातल्या डॉक्टर वहिनींकडून हे टिपण आधी तपासून घेतले आहे. तेव्हा जे बरोबर असेल ते त्यांचे, आणि रेल्वेची उदाहरणे तेवढी माझी.

आपण म्हणतो, अमका माणूस हाडाचा शिक्षक आहे. म्हणजे त्याचे शिक्षकपण वरवरचे नाही, पार आतपर्यंत मुरलेले आहे. कुणी आयुष्यभर कष्ट उपसले तर म्हणतो, त्याने हाडाची काडे केली. पुराणात दधीची ऋषींच्या अस्थींपासून वज्र घडवल्याची कथा आहे. हे सगळे ऐकून हाडाचे जे चित्र आपल्या मनात बसते ते एका कडक, कोरड्या, निर्जीव वस्तूचे असते. शाळेच्या प्रयोगशाळेत खुंटीला टांगलेला सांगाडा सगळ्यांनी पाहिला आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे की ते चित्र अर्धेच खरे आहे. आपल्या अंगातले हाड जिवंत असते. त्याला रक्तपुरवठा लागतो, त्याला काम लागते, आणि त्याची डागडुजी रोज चालू असते.

आधी मोजदाद करू. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडे असतात. आपल्या जुन्या ग्रंथांत चरकसंहितेत ३६० आणि सुश्रुतसंहितेत ३०० असा आकडा दिला आहे. तो मोठा दिसतो, कारण त्या गणनेत दात आणि काही कूर्चा, म्हणजे मऊ हाडेही धरली आहेत. २०६ पैकी ८० हाडे शरीराच्या मधल्या खांबाची : कवटी, चेहरा, कानाच्या आतली हाडे, गळ्यातले एक हाड, पाठीचा कणा, छातीचे हाड आणि २४ बरगड्या. उरलेली १२६ हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या खांद्यांची व कमरेची. गंमत अशी की एका हातात मनगट धरून २७ आणि एका पावलात घोट्यापासून २६ हाडे असतात. चारही मिळून १०६ झाली. म्हणजे आपली निम्म्याहून अधिक हाडे हातांत आणि पावलांत आहेत. मोदकाला कळ्या पाडणारी बोटे उगीच इतकी नाजूकपणे वळत नाहीत!

सर्वांत लांब हाड मांडीचे. सर्वांत लहान हाड कानाच्या आत, जेमतेम ३ मिलिमीटरचे. घोडेस्वाराच्या रिकिबीसारखा त्याचा आकार असतो. बाहेर ढोल-ताशा वाजतो तो आतपर्यंत पोहोचवण्यात त्याचा वाटा असतो.

तान्ह्या बाळाला मात्र आपल्यापेक्षा जास्त हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सुमारे २७० ते ३०० असतात आणि वाढीबरोबर त्यांतली बरीच एकमेकांत जुळून जातात. आपल्याकडे बाळाची टाळू तेलाने भरतात. ती मऊ जागा म्हणजे कवटीच्या हाडांमधली फट. जन्माच्या वेळी ही हाडे एकमेकांवर थोडी सरकतात, म्हणून डोके बाहेर येऊ शकते. पुढे मेंदू झपाट्याने वाढतो, त्यालाही या फटींमुळे जागा मिळते. आम्ही दोन रुळांमध्ये उन्हात पसरण्यासाठी फट ठेवतो, तशीच ही सोय. समोरची टाळू साधारण दीड-दोन वर्षांत भरून येते.

आता हाडांची कामे. पहिले काम आधाराचे, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरे संरक्षणाचे. मेंदूला कवटीची पेटी, हृदय आणि फुप्फुसांना बरगड्यांचा पिंजरा, आणि मणक्यांच्या पोटातून जाणारी मज्जारज्जूची केबल. तिसरे काम हालचालीचे. स्नायू ओढतो, पण ओढायला दांडा हवा. तो दांडा म्हणजे हाड. चौथे काम फारसे कुणाच्या लक्षात येत नाही, ते रक्त तयार करण्याचे. मोठ्या माणसात मणके, बरगड्या, छातीचे हाड, कमरेची हाडे यांच्या आत लाल मज्जा असते. तिथे दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. आणि पाचवे काम बँकेचे. त्याकडे नंतर येतो.

इतकी कामे करणारी ही वस्तू बनली कशाची आहे? कोंबडीचे एक धुतलेले हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा. शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी! त्यातला चुना विरघळून जातो आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे हाड विस्तवात चांगले जाळा. ते दिसायला तसेच राहील, पण हातात घेतले की चुरा होईल. पहिल्या हाडात उरले ते प्रथिनाचे धागे, त्यांना कोलॅजन म्हणतात. दुसऱ्यात उरला तो खनिज भाग, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा क्षार. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश हा खनिज भाग असतो. आमच्या भाषेत हे आरसीसी झाले. काँक्रीट दाब सोसते, आतली सळई ताण सोसते. दोन्हींपैकी एक काढले की स्लॅब कोसळतो.

या मालाचा कस पाहा. पोलाद पाण्याच्या पावणेआठ पट जड. मांडीच्या हाडाची कठीण भिंत पाण्याच्या जेमतेम दुप्पट जड. तरीसुद्धा निरोगी तरुण माणसाच्या त्या भिंतीचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा उभ्या दिशेने दीड टनापेक्षा जास्त दाब सोसू शकतो.

आणि नुसता माल चांगला असून भागत नाही, तो कुठे लावला हे महत्त्वाचे. मांडीचे हाड मध्यभागी पोकळ नळीसारखे असते. वाकवणारा जोर आला की सर्वांत जास्त ताण आणि दाब बाहेरच्या कडांवर येतो, मध्यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून माल कडेला लावायचा आणि मध्य रिकामा ठेवायचा. आम्ही हे डिप्लोमाच्या वर्गात शिकलो. हाडाला ते आधीपासून येत होते, आणि त्याने ती रिकामी जागासुद्धा फुकट घालवली नाही, तिथे मज्जा भरली.

नळीच्या टोकाला, म्हणजे खुब्याजवळ, रचना बदलते. मांडीचे हाड तिथे तिरके वळते आणि त्याच्या टोकावरचा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो. या भागाचा उभा छेद घेतला तर आत स्पंजासारखी जाळी दिसते. बघणाऱ्याला ती विस्कळीत वाटेल, पण तिच्या काड्या ठरावीक वळणाने गेलेल्या असतात.

याची एक हकिगत आहे, आणि ती आम्हा रेल्वेवाल्यांना अभिमान वाटावा अशी आहे. १८६६ साली झुरिचमध्ये शरीरशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान फॉन मायर यांनी या जाळीची चित्रे विद्वानांच्या एका बैठकीत दाखवली. तिथे कार्ल कुलमान नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. हे गृहस्थ आधी बव्हेरियाच्या रेल्वेत नोकरीला होते, पूल बांधणारे. भार आल्यावर ताण आणि दाबाच्या रेषा कशा धावतात, ते कागदावर काढून दाखवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांना त्या हाडात आपल्याच रेषा दिसल्या. त्यांनी हाडाच्याच आकाराची एक वाकडी क्रेन कल्पून तिच्यातल्या रेषा काढून घेतल्या, आणि त्या जाळीच्या काड्यांशी पुष्कळच जुळल्या. पुढे १८९२ साली युलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने पुस्तक लिहून मांडले की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलत जाते. त्यांचे गणित आज जसेच्या तसे मानत नाहीत, पण मुख्य मुद्दा टिकून आहे. भार असेल तिथे हाड माल वाढवते, भार नसेल तिथून माल काढून घेते.

हे कसे घडते? आमच्याकडे रुळांवर कीमन रोज आपली बीट चालतो, सैल झालेली चावी ठोकतो, कुठे काही वावगे दिसले तर खबर देतो. मागून गँग येते आणि दुरुस्ती करते. हाडातही अगदी असाच बंदोबस्त आहे. हाडाच्या आत कोट्यवधी पेशी बारीक बारीक खोल्यांमध्ये बसलेल्या असतात आणि सूक्ष्म नळ्यांतून एकमेकींशी संपर्क ठेवतात. कुठे भार वाढला, कुठे बारीक चीर पडली, हे त्यांना कळते. हे कीमन. मग एक प्रकारच्या पेशी येऊन खराब भाग विरघळवून काढतात. त्या मागोमाग दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवीन हाड भरतात. तोडायला दोन-तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. तोडणे झटपट, बांधणे सावकाश, हा नियम इथेही आहेच! अशा रीतीने दरवर्षी आपल्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग नवा होतो. आणि हे सगळे गाडी न थांबवता, ब्लॉक न घेता चालते.

पण या गँगचा स्वभाव लक्षात ठेवा. तिला काम दिसले तरच ती बांधते. टेनिस खेळाडूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले आढळते. उलट अंतराळात वजनच जाणवत नाही, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातला माल महिन्याला एक ते दीड टक्का कमी होत गेल्याचे दिसले आहे. म्हणून त्यांना तिथे रोज कसून व्यायाम करावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही तेच होते. आपण आजीला म्हणतो, "तुम्ही बसा, काही करू नका." त्यात प्रेम असते, पण तिच्या हाडांना त्याचा अर्थ असा कळतो की आता या लाइनीवर गाडी धावणार नाही, माल उचलून न्या.

आता बँकेकडे येतो. आपल्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एक टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे अशी कामे चालतात. म्हणून रक्तातले कॅल्शियम कमी होऊन चालत नाही. ते कमी पडू लागले की गळ्यातल्या छोट्या ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडाच्या खात्यातून रक्कम काढली जाते. रक्त तपासले तर कॅल्शियम ठीक दिसते, कारण खर्च ठेवीतून चाललेला असतो. पासबुक कुणी पाहिलेले नसते.

ही ठेव साधारण तिशीपर्यंत वाढते. नंतर काही वर्षे ती टिकते आणि मग हळूहळू घटते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे ही घट एकदम वेगाने होते, कारण तोडणाऱ्या पेशींना आवर घालणारे संप्रेरक कमी झालेले असते. जाळीच्या काड्या बारीक होतात, काही तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि दुखतही नाही. यालाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होणे, म्हणतात.

आणि आता सुरुवातीला राहिलेली ती दुखरी गोष्ट.

माझी आई आमच्याजवळच असते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातचे मोदक खाल्ले आहेत. २०१६ साली ती मोरीत घसरली, हात टेकवला आणि मनगट मोडले. प्लॅस्टर घातले. सहा आठवड्यांनी ते निघाले, हाड छान सांधले होते. डॉक्टरांनी कागदावर आणखी एक ओळ लिहून दिली होती, हाडांची घनता तपासून घ्या म्हणून. आई म्हणाली, "अरे, पडले म्हणून मोडले. त्यात आता तपासायचे काय?" मलाही ते पटले. त्या वेळी लाइनीवर कामही जोरात होते. मी तो कागद फाइलला लावला आणि विसरलो.

बंधू-भगिनींनो, मी रुळांचा माणूस आहे. आमच्याकडे यूएसएफडी नावाचे यंत्र असते. ते ध्वनिलहरी सोडून रुळाच्या पोटात लपलेली चीर शोधते. चीर सापडली की त्या जागी रंगाने खूण करतात, आधाराला फिशप्लेट लावतात, आणि वेळेत तो तुकडा बदलतात. रूळ तुटलाच, तर नुसता जोडून आम्ही गप्प बसत नाही. का तुटला, याचा तपास होतो. एका रुळासाठी एवढे करणाऱ्या माणसाने आईच्या मनगटासाठी काय केले? जोड लावला आणि गाडी सोडली. उभ्या उंचीवरून नुसते पडून मोठ्या माणसाचे हाड मोडते, तेव्हा तीच रंगाची खूण असते. मला ती वाचता आली नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात आई मागच्या अंगणातून कपडे आणायला गेली आणि कुशीवर पडली. खुब्याचे हाड मोडले. नेमके तिथेच, जिथे कुलमान साहेबांना त्या सुंदर रेषा दिसल्या होत्या. या जागी हाड तुटले की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाही अनेकदा तुटतो, मग ते सांधणे अवघड होते. दोन दिवसांत ऑपरेशन झाले, गोळा काढून धातूचा बसवला. घनतेची तपासणी सात वर्षांनी झाली. डेक्सा म्हणतात त्या तपासणीत उणे अडीच किंवा त्याहून खाली आकडा आला की ऑस्टिओपोरोसिस धरतात. आईचा आकडा त्याच्याही बराच खाली होता. मी डॉक्टरांना विचारले, आधी कळले असते तर? ते म्हणाले, खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण तोडणाऱ्या पेशींना आवर घालणारी औषधे आहेत, तेव्हा सुरू करता आली असती. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तरी मी त्या रात्री फाइल काढून तो कागद बराच वेळ बघत बसलो.

उतारवयात खुबा मोडलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा पहिल्यासारखे चालू शकत नाहीत, आणि वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाणही मोठे असते. आमच्यावर गणरायाची कृपा झाली. आई वॉकर घेऊन चालते. यंदा तिने खुर्चीवर बसून मोदक वळले. उकड मात्र आमच्या सौ.ने मळली.

म्हणून जाता जाता चार गोष्टी सांगतो. उपदेश म्हणून नव्हे, चूक केलेल्या माणसाचा अनुभव म्हणून ऐका.

पहिली गोष्ट ठेवीची. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी थांबलेल्या स्त्रियांना १२००. एक पेला दुधात साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मिळते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० असते. तीळही चांगले, फक्त संक्रांतीची वाट बघू नका. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि घरातल्या मुलींच्या दुधात, जेवणात काटकसर करू नका. त्यांची ठेव आत्ता जमा होते आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. कॅल्शियम आतड्यातून आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागते, ते त्वचेत उन्हामुळे तयार होते. इतके ऊन असलेल्या आपल्या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण आपण घरातून ऑफिसात आणि ऑफिसातून घरात.

तिसरी गोष्ट कामाची. हाडाला भार द्या. चालणे, जिने चढणे, मुलांनी दोरीवरच्या उड्या मारणे. आमचे ट्रॅकमन उन्हातान्हात ओझी उचलतात, त्याचे कौतुक आपण करतो, स्वतः मात्र लिफ्टसाठी उभे राहतो. ज्येष्ठांनी अर्थात झेपेल तेवढेच आणि विचारून करावे, पण करावे.

चौथी गोष्ट घराची. मोरीत धरायला दांडी लावा, रात्री जायच्या वाटेवर दिवा ठेवा, घसरणारी पायपुसणी उचला. हे काम एका रविवारचे आहे आणि खर्च किरकोळ आहे. मी ते केले, पण उशिरा.

आणि घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणाचे किरकोळ पडण्याने मनगट मोडले असेल, पाठीला बाक येऊन उंची कमी झाली असेल, तर आज घरी जाऊन तो जुना कागद शोधा. आधी आईचा, मग बायकोचा, मग आपला. एवढे एखाद्या घरात झाले तरी माझे आजचे बोलणे कामी आले असे मी समजेन.

आता आरतीला उभे राहू या. ज्येष्ठांनी उठताना खुर्चीचा दांडा धरूनच उठावे, ही विनंती!

गणपती बाप्पा मोरया!